शून्यलब्धीपासून लिमिटपर्यंत : मुंबईतील पदवीपूर्व गणिताचे अध्ययन आणि भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची भूमितीची वही उघडून पाहिली, तर प्रमेयांखाली चार शब्द ठरावीक क्रमाने आढळतात : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. दिलेले काय, दाखवायचे काय, त्यासाठी आकृतीत काय वाढवायचे आणि मग तर्काची पायरीपायरीने मांडणी, ही शिस्त त्याने शालेय वर्षांत अंगी बाणवलेली असते. ‘पक्ष’ व ‘साध्य’ हे शब्द न्यायशास्त्रातून आलेले आहेत. भूमितीत आल्यावर ‘पक्ष’ शब्दाचा अर्थ थोडा सरकला, एवढेच. हाच विद्यार्थी विज्ञान शाखेच्या अकरावीत येतो आणि हे चारही शब्द त्याच्या वहीतून नाहीसे होतात. त्यांच्या जागी इंग्रजी शब्द येतात, यात वावगे काही नाही. परंतु पुष्कळांच्या बाबतीत शब्दांबरोबर शिस्तही जाते. फळ्यावरची ओळ वहीत जशीच्या तशी उतरते. ती पक्षातली की साध्यातली, हे विचारल्यास सांगता येत नाही.

पदवीपूर्व स्तरावरील, म्हणजे पूर्वीच्या इंटरच्या आणि आजच्या अकरावी-बारावीच्या, गणिताच्या अध्ययनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती प्रायः सरावाचे तास, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, खाजगी शिकवण्या आणि प्रवेशपरीक्षा यांच्याभोवती फिरते. या स्तरावर गणित अवघड का वाटते, या प्रश्नाचे एक उत्तर विषयाच्या स्वरूपात आहे. अंकगणित व आकृत्यांकडून कलन आणि तर्कशास्त्राकडे जाण्याची ती वेळ असते. दुसरे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. विषयातील ही चढण आणि अध्ययनाच्या भाषेतील बदल या दोन गोष्टी एकाच वर्षी विद्यार्थ्यापुढे येतात, हे काही निसर्गनियमाने घडलेले नाही. ते मुंबईत टप्प्याटप्प्याने घडत गेले. ते कसे घडले याचा मागोवा घेणे आणि त्यातून आजच्या अध्ययनपद्धतीविषयी काय हाती लागते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी जोगेश्वरी हे ठिकाण सोयीचे आहे. येथील पूर्वेकडच्या टेकडीवर १९३० मध्ये सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून इस्माईल युसुफ हे शासकीय महाविद्यालय सुरू झाले. उपनगरांतील उच्च शिक्षणाची ही आरंभीची संस्था होय. बालपणीची काही वर्षे जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत काढलेले पु. ल. देशपांडे पुढे याच महाविद्यालयात शिकले. आजच्या जोगेश्वरीत मराठी, उर्दू व हिंदी माध्यमांतून आलेली मुले अकरावीच्या एकाच बाकावर बसतात. एकाने ‘त्रिकोण’ आणि ‘कोन’ म्हणत भूमिती केलेली असते, तर शेजाऱ्याने ‘मुसल्लस’ आणि ‘जाविया’ म्हणत. दोघांनाही प्रमेय येत असते. पहिल्या दिवशी दोघेही गप्प असतात.

हटनचे भाषांतर आणि शून्यलब्धी

मुंबईतील आधुनिक गणितशिक्षणाचा आरंभ इंग्रजीतून झाला, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’चे एक चिटणीस कॅप्टन (पुढे कर्नल) जॉर्ज रिट्सो जर्व्हिस हे लष्करी अभियंते होते. सरकारी बांधकामखात्यासाठी एतद्देशीय तरुण तयार करण्याच्या हेतूने १८२३ मध्ये जी अभियांत्रिकी शाळा मुंबईत निघाली, ती त्यांच्याकडे होती आणि तिथले गणित मराठीतून शिकवले जाई. त्यासाठी जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने चार्ल्स हटन यांच्या गणितग्रंथाचे मराठी रूपांतर सिद्ध केले. ‘शिक्षामाला’ या नावाने ते ओळखले जाते. हटन हे वुलिच येथील लष्करी विद्यालयात शिकवत. म्हणजे इंग्लंडमधील तोफखान्याचा भावी अधिकारी ज्या ग्रंथावर गणित शिकला, त्याच ग्रंथावर मुंबईतील मराठी तरुण मराठीत शिकत होता. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून आलेल्या त्या मुलांना बीजगणित परके वाटले असेल; भाषा मात्र परकी नव्हती.

बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून नियुक्त झालेल्या जांभेकरांनी कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धि’ हे पुस्तक मराठीत लिहिले. या नावाकडे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. वाढ शून्याकडे नेली असता जे हाती लागते ते, असा त्याचा अर्थ प्रस्तुत लेखकास वाटतो. ‘डिफरन्शियल’ या शब्दाचे ते भाषांतर नव्हे. संकल्पना समजून घेऊन तिला दिलेले ते नाव आहे. पुढे रूढ झालेल्या ‘अवकलन’ या संज्ञेत अचूकता असेल. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती काहीच सांगत नाही.

जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई, ही गोष्ट पत्रकारितेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. शिक्षणाच्या इतिहासातही ती सांगितली पाहिजे. त्या पिढीचे ज्ञानार्जनच दोन स्तंभांत चालले होते. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) एल्फिन्स्टनमध्ये प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली इंग्रजीतून शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी काम केले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली. जे शिकले ते आपल्या भाषेत पुन्हा उभे करून पाहणे, हा या मंडळींच्या दृष्टीने परोपकार तर होताच. स्वतःचे आकलन तपासून घेण्याचीही ती रीत होती.

१८४७ चा वाद

या द्विस्तंभी व्यवहाराला पहिला धक्का मुंबईच्या शिक्षणमंडळातील वादाने बसला. उच्च शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, यावर १८४७ मध्ये मंडळात सरळ दोन तट पडले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, तर जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा हे सभासद देशी भाषांच्या बाजूने होते. एक इंग्रज लष्करी अभियंता, एक दैवज्ञ व्यापारी, एक पारशी गृहस्थ आणि एक मुसलमान विद्वान यांनी मिळून देशी भाषांचा पक्ष घ्यावा, हे दृश्य आजच्या वाचकाला काहीसे अनपेक्षित वाटेल. नाना शंकरशेटांना इंग्रजीचे वावडे मुळीच नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा सर्वश्रुत आहे. इंग्रजी शिकवा, पण ज्ञान लोकांपर्यंत पोचवायचे असेल तर ते लोकांच्या भाषेतून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठ सरकारने तडजोडीची भूमिका घेतली. व्यवहारात मात्र उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्या वाटणीवर शिक्कामोर्तब केले : सामान्य जनांचे शिक्षण देशी भाषेत, वरचे इंग्रजीत.

देशी भाषांत उच्च गणित पेलण्याची शक्ती नाही, हा युक्तिवाद त्या काळी जोराने केला जाई. त्याला उत्तर दिल्लीत तयार होत होते. दिल्ली कॉलेजात उर्दूतून शिकवणारे मास्टर रामचंद्र यांनी महत्तम व लघुत्तम किमतींच्या प्रश्नांवरील आपला ग्रंथ १८५० मध्ये प्रसिद्ध केला. कलनाचा आधार न घेता, केवळ बीजगणिताने हे प्रश्न सोडवण्याची त्यांची पद्धत होती. लंडनमध्ये ऑगस्टस द मॉर्गन यांनी १८५९ मध्ये तो पुन्हा छापवून घेतला. ग्रंथ इंग्रजीत होता, हे खरे; परंतु त्यामागचे अध्यापन उर्दूतले होते.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या शतकातील गणिती यशाची परंपरा आपण अभिमानाने सांगतो : एल्फिन्स्टनमध्ये गणिताच्या प्राध्यापकपदी बसलेले दादाभाई नौरोजी, छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. परंतु या नावांवरून इंग्रजी माध्यमाचा प्रश्न सुटला होता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ही पूल ओलांडून गेलेल्यांची नावे आहेत. जे पुलाच्या अलीकडे राहिले त्यांची यादी कुणी ठेवत नाही.

औरंगाबादचे इंटर

इथे मुंबईबाहेरच्या एका मराठी भूभागाचा उल्लेख आवश्यक आहे. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. ग्रंथांसाठी स्वतंत्र भाषांतरखाते होते. गणितही उर्दूतूनच शिकवले जाई. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९२३ मध्ये या विद्यापीठाचे इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले. तेच आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. भारतीय भाषेत पदवीपर्यंतचे गणित शिकवता येते, हे उस्मानियाने दीर्घकाळ सिद्ध करून दाखवले. परंतु मराठवाड्यातील मराठी मुलाला त्याचा उपयोग किती? त्याच्या घरी उर्दू नव्हती. राज्यकर्त्यांच्या एका भाषेऐवजी दुसरी आली, एवढाच त्याच्यापुरता फरक. पोलीस कारवाईनंतर तेथेही इंग्रजी आली. ‘देशी’ भाषा आणि ‘आपली’ भाषा हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, ही गोष्ट मराठवाड्याच्या या अनुभवातून शिकण्यासारखी आहे. जोगेश्वरीच्या वर्गात केवळ मराठीचा आग्रह धरू पाहणाऱ्याने ती विशेष लक्षात ठेवावी.

जुनी अकरावी, नवी अकरावी

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजीचा आरंभ आठवीपासून ठेवला. शालेय शिक्षण अकरा वर्षांचे होते आणि अकरावीच्या अखेरीस एस.एस.सी. परीक्षा होई. म्हणजे त्या काळचा मराठी शाळेतला विद्यार्थी चार वर्षांच्या इंग्रजीच्या बळावर महाविद्यालयात येई आणि मग विज्ञानाचे पहिले वर्ष व इंटर ही दोन वर्षे इंग्रजीतून करी. इंटरच्या निकालावर अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश अवलंबून असत. त्या पिढीतील ज्येष्ठ प्राध्यापक आठवणी सांगतात, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांच्या धास्तीचा उल्लेख हमखास येतो.

मात्र त्या रचनेत एक गोष्ट जमेची होती. जुनी अकरावी शाळेत होती. बीजगणित व भूमिती यांतला शेवटचा, सर्वांत कठीण टप्पा विद्यार्थी ओळखीच्या शिक्षकाजवळ, ओळखीच्या भाषेत पार करी. शैक्षणिक वर्षांच्या हिशेबात हे बारीक वाटेल, पण गणिताच्या दृष्टीने ते बारीक नाही.

कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीनुसार महाराष्ट्राने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. या बदलावर त्या वेळी आणि नंतरही पुष्कळ लिहिले गेले : शिक्षकांचे सेवाप्रश्न, वर्गखोल्या, विद्यापीठाकडून मंडळाकडे गेलेला अभ्यासक्रम. पहिलीपासून पदवीपर्यंतची एकूण वर्षे पंधरा होती, ती पंधराच राहिली. परंतु अकरावी शाळेतून निघाली आणि मुंबईत बहुतांशी महाविद्यालयांच्या इमारतींत आली. त्यामुळे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापुरता भाषांतराचा क्षण एका वर्षाने अलीकडे सरकला. सोळाव्या-सतराव्या वर्षी होणारा बदल पंधराव्या-सोळाव्या वर्षी होऊ लागला. त्याच वर्षी त्याला सीमा व अवकलन प्रथम भेटतात. दोन चढणी एकावर एक आल्या त्या अशा. आकृतिबंधाच्या अनेक उद्दिष्टांत हे उद्दिष्ट कोठेही नव्हते. तो एक न ठरवता झालेला परिणाम होता, म्हणूनच कदाचित त्याची दखल कमी घेतली गेली.

पुढील उपायांचा विचार थोडक्यात पुरे. शाळांतून आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची ‘सेमी-इंग्रजी’ पद्धत पसरली. २००० पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. या दोन्हींनी बदल आणखी अलीकडे नेला. काहींना त्याचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूने, २०२१ पासून जेईई मेन ही परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली. परंतु राज्याच्या स्वतःच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या अलीकडच्या वर्षांतील माहितीपत्रकांत एक विलक्षण नियम आढळतो : भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांसाठी मराठी व उर्दू हे पर्याय होते, गणितासाठी मात्र केवळ इंग्रजी. ज्या भूमीत कलनावरील पुस्तक १८४६ च्या आधी मराठीत लिहिले गेले, तेथे हा भेद का असावा? गणित हे चिन्हांचे शास्त्र, त्याला भाषा लागतच नाही, ही समजूत त्यामागे असावी असे वाटते. ती समजूत आपल्यापैकी अनेकांचीही असते. आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे.

संज्ञा आणि वाक्य

भाषेचा प्रश्न निघाला की आपण परिभाषेकडे वळतो. परिभाषेचे काम महाराष्ट्रात झालेले आहे. भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश आहे, विश्वकोशात गणितावरील उत्तम नोंदी आहेत. पण अकरावीच्या विद्यार्थ्याची अडचण ‘डेरिव्हेटिव्ह’ या शब्दाची नसते. तो शब्द तो आठवडाभरात आत्मसात करतो, आणि त्याऐवजी ‘अवकलज’ दिल्याने त्याचे फारसे भले होत नाही. चलांसाठी तर मराठी पाठ्यपुस्तकांतही आता रोमन अक्षरेच असतात. अडचण असते ती संज्ञांना जोडणाऱ्या लहान शब्दांची : जर, तर, तरच, किमान, प्रत्येक, असा एक तरी, याखेरीज.

बारावीतील तर्कशास्त्राचे प्रकरण घ्यावे. ‘पाऊस जोरात आला तर लोकल उशिरा धावते.’ या विधानाचा व्यत्यास असा : ‘लोकल उशिरा धावली, तर पाऊस जोरात आलेलाच असतो.’ पहिले विधान मान्य करूनही दुसरे मान्य करता येत नाही, हे जोगेश्वरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. ‘व्यत्यास’ हा शब्द आणि ती कल्पना मुलांनी शाळेतच पायथागोरसच्या प्रमेयाबरोबर शिकलेली असते. तरीही ‘कॉन्व्हर्स’ ही त्यांना नवी वस्तू वाटते आणि ती सत्यताकोष्टकासह पाठ केली जाते. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला भेद तर वर्षानुवर्षे घसरतो. ‘ओन्ली इफ’ म्हणजे अधिक जोराने म्हटलेले ‘इफ’, असे विद्यार्थी समजतात. मराठीत हा भेद एका अक्षराचा आहे. ‘तिकीट असेल तर प्रवास करता येतो’ आणि ‘तिकीट असेल तरच प्रवास करता येतो’ यांतला ‘च’ काय करतो, हे लहान मूलही जाणते. पर्याप्त अट आणि आवश्यक अट यांच्यातील संपूर्ण अंतर त्या ‘च’मध्ये सामावलेले आहे.

सीमेच्या व्याख्येत हीच गोष्ट निराळ्या रीतीने दिसते. ‘क्ष जसजसा अ च्या जवळ जातो, तसतशी फलाची किंमत ल च्या जवळ जाते’, हे मराठी वाक्य कल्पना चांगली उभी करते, कारण जसजसा-तसतसा ही रचनाच दोन बदलत्या राशींसाठी घडलेली आहे. परंतु तिथे थांबता येत नाही. काटेकोर व्याख्येत क्रम उलटतो. आधी फलाच्या किमतीने ल च्या किती जवळ असावे ते कोणीतरी ठरवून देतो, आणि मग क्ष ला अ च्या किती जवळ ठेवावे हे आपल्याला शोधावे लागते. ‘प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी एक असा धन डेल्टा असतो की…’ येथे ‘प्रत्येक’ आधी आणि ‘एक असा’ नंतर, हा क्रम मराठी वाक्यात आपोआप जपला जातो. इंग्रजी वाक्य दोन्ही बाजूंनी लिहिता येते आणि विद्यार्थी डेल्टा आधी निवडून मोकळा होतो.

याचा अर्थ सारे अध्यापन मराठीत करावे, असा घेऊ नये. पुढचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, वर्गात उर्दू व हिंदी भाषक आहेत, आणि पुढल्या वर्षी अभियांत्रिकीच्या वर्गात बसायचे आहे. औरंगाबादच्या इंटरचा धडा वर नोंदवलाच आहे. जांभेकरांच्या पिढीने जे केले ते माध्यमांतर नव्हते. ते दोन स्तंभांत शिकणे होते.

गेली काही वर्षे प्रस्तुत लेखक अकरावीच्या ट्यूटोरियलच्या तासाला एक साधी गोष्ट करून पाहतो. प्रमेय किंवा व्याख्या इंग्रजीत वाचायची, पुस्तक मिटायचे, शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगायची, आणि मग वहीच्या उजव्या अर्ध्या पानावर पुन्हा इंग्रजीत लिहायची. डावे अर्धे पान त्याच्या भाषेचे. तिथे शुद्धलेखनाचे गुण नाहीत. सांगणे जिथे अडखळते, नेमके तिथेच आकलन तुटलेले असते, हे दोघांनाही त्याच क्षणी कळते. पाठ केलेल्या उत्तरात ते वार्षिक परीक्षेपर्यंत दडून राहते. या पद्धतीने पाठ्यक्रम मंदावतो, ही सहकाऱ्यांची तक्रार खरी आहे. सप्टेंबरपर्यंत आम्ही निश्चितपणे मागे असतो. ते अंतर पुढे भरून निघते की नाही, हे तुकडीतुकडीवर अवलंबून असते.

गेल्या वर्षी सातत्याची व्याख्या चालू असताना मागच्या बाकावरील एका मुलीने, जी उर्दू शाळेतून आली होती, विचारले की सर, हे तुम्ही तुमच्या मराठीत कसे सांगाल. लेखकाने फळ्याकडे पाठ केली, तोंड उघडले आणि ‘प्रत्येक’पाशी थांबला. एवढी वर्षे शिकवलेली व्याख्या मातृभाषेत सलग म्हणून पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. दोन वेळा वाक्य मोडले. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका मुलाने ‘तिथेच’मधला ‘च’ काढायला सांगितला. तो काढल्यावर वाक्य बसले. मग ती मुलगी उठली आणि तिने ते उर्दूत म्हटले.